कादरभाईंकडची अमानत

कादरभाई पिंजाऱ्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "झोपनार कोन?"

मी तेव्हा अकोल्याहून बदली होऊन अमरावतीला आलो होतो. जिल्हा परिषदेत कारकून. खोली मिळाली ती त्यांच्या दुकानाच्या माडीवर. पहिल्याच संध्याकाळी खाली उतरून मी ऐटीत सांगितलं, "सहा बाय तीनची एक गादी करून द्या, चांगली जाड." कादरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि हा प्रश्न टाकला. म्हटलं, मीच. "एकटे?" एकटाच. "कुशीवर झोपता का पाठीवर?" आता हे मला कुठे ठाऊक! सत्तावीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "मंग आज वर जाऊन सतरंजीवर झोपून पाहा, साहेब. सकाळी सांगा. जाड का पातळ ते मंग पाहू."

सकाळी सांगितलं, डाव्या कुशीवर. चार दिवसांनी गादी आली ती डाव्या अंगाला किंचित भरीव होती. लग्न होईपर्यंत मी तिच्यावर झोपलो. लग्नानंतर तीच उसवून, रुईची भर घालून त्यांनी दोघांची केली. तेव्हाही बायकोला बोलावून कुशीची चौकशी केलीच. ती लाजून काही बोलेना, तर म्हणाले, "पोरी, डागदरापाशी आन पिंजाऱ्यापाशी लाजाचं नसते." बायको आजही माहेरी गेली की हे वाक्य नक्कल करून सांगते.

माणूस किडकिडीत. अंगात बनियन, कमरेला चौकडीची लुंगी, कानावर दोरा ओवलेली वीतभर लांब सुई. दाढीत दिवसभर कापसाचे तंतू अडकलेले असायचे, त्यामुळे ती नेमकी कधी पांढरी झाली हे आम्हा शेजाऱ्यांना कळलंच नाही. दुकानात मागे पिंजायचं मशीन होतं, पण भिंतीवर वडिलांचं कापूस पिंजायचं धनुष्य टांगलेलं होतं आणि त्याची तात ते दर शुक्रवारी बोटानं वाजवून बघत. फोमच्या गाद्यांचा विषय काढला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "फोमवर माणूस झोपत नाही, साहेब. थो ठेवल्या जाते."

लोकांबद्दलची त्यांची सगळी माहिती गाद्यांमधून आलेली. आमच्या गल्लीतल्या एका वकिलाची गादी पिंजायला आली, तेव्हा तिला हात लावून म्हणाले, "नवरा-बायको दोन टोकायले झोपून राहिले. मंधात एकदम कोरी हाय." महिनाभरात त्या घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं. पण कादरभाईंनी हे माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मला सांगितलं याचाही त्यांना नंतर पश्चात्ताप झाला. गादीचं गुपित सांगणं त्यांना चोरीसारखं वाटायचं.

घट्ट झालेल्या, गोळे झालेल्या जुन्या कापसाला लोक "मेला" म्हणत. कादरभाईंना ते खपत नसे. "बसला हाय, मेला नाई," असं म्हणून ते मूठभर कापूस उचलत, बोटांनी असा काही मोकळा करत की तो फुलून तळहाताबाहेर येई. मग गिऱ्हाइकाकडे विजयी नजर. परीक्षेत नापास झालेला कोणाचा पोरगा असो की नोकरी गेलेला कोणी, त्यांचं निदान एकच असायचं, "बसला हाय."

संध्याकाळी दुकान बंद करताना ते दिवसभराची धूळ झाडायचे. जुन्या गाद्यांतून निघालेली ती धूळ रस्त्यावर किंवा नाल्यात कधी टाकली नाही. सुपात भरून समोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओतायची, वर तांब्याभर पाणी. मी एकदा म्हटलं, "कादरभाई, कचऱ्याचे एवढे लाड?" तर म्हणाले, "कचरा काहून म्हनता? लोकायची झोप हाय ते. पायाखाली नाही आली पाह्यजे."

हे सगळं मी गमतीनं सांगतो आहे, पण या माणसाचं माझ्यावर जे ऋण आहे ते गमतीचं नाही. माझे वडील अकोल्यात शेवटचे सात महिने अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा व्हायला लागल्या. मी नुसतं बोललो मात्र, तर तिसऱ्या दिवशी कादरभाई एसटीच्या टपावर तीन पातळ गाद्या टाकून अकोल्यात हजर. एक अंगाखाली, एक उन्हात, एक धुवायला. मग दर पंधरा दिवसांनी यायचे, रुई मोकळी करून परत भरायचे, वडिलांना स्वतः उचलून कुशीवर करायचे. वडील शुद्धीत असले की म्हणायचे, "कादर आला का? आज झोप लागंल." वडिलांना शेवटी झोप लागली ती त्या गादीवर. मी आयुष्यात अनेकांचे आभार मानले आहेत, बरेचसे कार्यालयीन शिष्टाचार म्हणून. कादरभाईंचे मात्र मानायचे राहून गेले.

आता पेमाताईंबद्दल सांगायला हवं.

दिवाळी झाली की कादरभाईंच्या दुकानासमोरच्या मैदानात स्वेटरवाले येत. तिबेटी बायका-पुरुष, ओळीनं मांडलेली दुकानं, लोकरीच्या टोप्यांचे ढीग. त्या ओळीतलं शेवटचं दुकान, अगदी कडुनिंबाखालचं, पेमाताईंचं. आईवडील तिबेटातून डोंगर ओलांडून आलेले, त्यांचा स्वतःचा जन्म लेहचा. उन्हाळ्यात लेहच्या बाजारात विक्री, हिवाळ्यात अमरावतीत. अशी सव्वीस वर्षं. हिंदी बोलायच्या, पण तिच्यात आमचा "काहून" असा घुसला होता की गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की त्या भुवया उंचावून विचारत, "काहून, भाभी?"

खरं म्हणजे या दोघांचं वैर असायला हवं होतं. अमरावतीची थंडी ती केवढी, जेमतेम दीड महिना, आणि दोघांचाही धंदा तिच्यावर. पण तान्हं पोर घेऊन कोणी रजई मागायला आलं की कादरभाई त्याला कडुनिंबाखाली पाठवायचे, आणि म्हाताऱ्या सासऱ्यासाठी स्वेटर शोधणाऱ्या सुनेला पेमाताई दुकानाकडे बोट दाखवायच्या. मी कारण विचारलं तर कादरभाई म्हणाले, "थंडी एवढीशी, तिच्यात भांडाले जागा कोठी हाय?"

मार्चमध्ये परत जाताना पेमाताई उरलेला माल दोन गाठोड्यांत बांधून कादरभाईंकडे ठेवायच्या. चिठ्ठी नाही, यादी नाही. फक्त त्यांची एक वेगळीच गाठ असायची, दोनदा पीळ देऊन टोक आत खोचलेलं. कादरभाई दर पाडव्याला त्या कडुनिंबाचा कोवळा पाला तोडून सुकवत आणि गाठ न सोडता वरच्या चादरीच्या घडीत सरकवत. कसर लागू नये म्हणून. ही अमानत आहे, विश्वासानं सोपवलेली ठेव, असं ते म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना आवाज जरा खाली यायचा.

त्या गाठोड्यात सगळ्यात शेवटी जायचं ते पेमाताईंचं आसन. पट्ट्यापट्ट्यांच्या विणलेल्या कापडाचं, लोकर भरलेलं, सव्वीस वर्षं बसून बसून पाटासारखं टणक झालेलं. कादरभाईंच्या डोळ्यांत ते खुपायचं. दर वर्षी निरोपाच्या वेळी ते म्हणायचे, "दीदी, ये दे दो. पिंजके रखता." आणि त्या दर वर्षी आसन छातीशी धरून म्हणायच्या, "नहीं भैया. इसको हाथ मत लगाना." दोघंही हसत. पण आसन त्या स्वतःच्या हातानंच आत ठेवत.

मग एका वर्षी पेमाताई आल्या नाहीत. फोन लावला तर बंद. इतर स्वेटरवाले वेगवेगळ्या गावांचे, त्यांना एवढंच माहीत की लेहची पेमा आजारी आहे. पुढच्या हिवाळ्यातही कडुनिंबाखालची जागा रिकामीच. कोणी म्हणालं, विकून टाका ते स्वेटर. कादरभाईंनी त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

त्यानंतरच्या श्रावणात नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं. कादरभाई नेमके मुलीकडे अकोल्याला गेलेले. तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा दुकानात घोटाभर गाळ, आणि खाटेवरची दोन्ही गाठोडी भिजून फुगलेली. त्यांनी पहिल्यांदा ती गाठ सोडली. स्वेटर धुतले, माझ्या माडीवर दोऱ्या बांधून वाळवले. आसन मात्र दोन दिवस तसंच बाजूला. त्याला वास मारायला लागला.

"सडून जाईन हे, साहेब," ते मला म्हणाले. "पन हात लावू नको म्हनलं हाय तिनं."

मी तेव्हा हेडक्लार्क झालो होतो, निर्णय द्यायची सवय लागली होती. म्हटलं, "अहो, उसवा आणि वाळवा. तिचंच भलं आहे. आणि तिला काय कळतंय!"

त्यांनी उसवलं. आत लोकरीचे गोळे, गाळ, आणि कुजलेल्या पातळ कापडाची एक चिंधी. आठ दिवस ऊन दिलं. मग भिंतीवरचं धनुष्य खाली काढलं, कारण मशीनमध्ये लोकर तुटली असती. ती तात मी पहिल्यांदाच कामावर ऐकली. लोकर फुलत गेली आणि खाली धूळ पडत गेली. थोड्या वेळानं कादरभाई थांबले.

"साहेब, नाल्याचा गाळ काळा असते. हे धूळ पिवळी काहून निंगाली?"

आमच्याकडे माणूस मातीचा रंग आधी पाहतो, आणि वऱ्हाडातली माती काळीच. पण मी म्हटलं, "लोकरीचा रंग उतरला असेल." ऑफिसातही मी अशीच उत्तरं देत असे. त्यांनी मान हलवली, सूप भरलं, आणि नेहमीप्रमाणे कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून आले.

आसन पुन्हा भरलं तेव्हा ते उशीसारखं मऊ झालं होतं. जुन्याच टाक्यांच्या भोकांतून सुई घालून त्यांनी ते शिवलं. काम अप्रतिम होतं, आणि कादरभाई त्या दिवसापासून बेचैन झाले. गिऱ्हाइकाला "झोपनार कोन" विचारायचं विसरू लागले. एकदा तर चक्क पाठीवर झोपणाऱ्याला कुशीची गादी गेली.

पुढच्या जूनमध्ये, माझ्या निवृत्तीनंतर, अमरावतीतल्या चौदा जणांचा लेहचा दौरा ठरला. आम्हा दोघांची नावं होती. पण बायकोला दमा. साडेअकरा हजार फुटांचं नाव काढताच डॉक्टरांनी हात जोडले. कादरभाई संध्याकाळी वर आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी नसन येत तर मी येतो. अमानत पोचवाची हाय."

मोठ्या पिशवीत स्वेटर, त्यांच्या घड्यांत त्या पाडव्याचा सुकवलेला कडुनिंबाचा पाला, आणि आसन काखेत. नागपूरच्या विमानतळावर तपासणीत कानावरची सुई काढून घेतली, तेव्हा मात्र ते दिल्लीपर्यंत बोलले नाहीत.

लेहला उतरल्या उतरल्या दौऱ्याच्या प्रमुखानं बजावलं होतं की पहिले दोन दिवस खोलीत पडून राहा, चढ चढू नका, हवा विरळ आहे. पण आम्ही पडलो वऱ्हाडी. मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीत लग्नाच्या पंगती उठवणारी माणसं, आम्हाला हवा काय करणार! दुपारी आम्ही पाच जण राजवाड्याकडे निघालो. नऊ मजल्यांचा तो मातकट राजवाडा गावाच्या डोक्यावर बसलेला दिसत होता, अगदी हाताच्या अंतरावर. शंभर पावलांत माझ्या छातीत भाता सुरू झाला, दोनशे पावलांत डोकं फुटायला आलं. मला दोघांनी धरून खाली आणलं.

कादरभाई सांगितल्याप्रमाणे खिडकीशी बसून होते. त्यांनी मला आडवं होऊ दिलं नाही. चार खोल्यांतल्या उशा गोळा करून पाठीमागे अशी उतरंड रचली की मी अर्धवट बसलेला, अर्धवट निजलेला राहिलो. डॉक्टर येऊन गेला, त्यानंही उशांकडे पाहून मान डोलावली. "तुमची रुई बसली हाय, साहेब," कादरभाई माझे पाय दाबत म्हणाले. "मेली नाई. उगी राहा." सलग दोन दिवस ते माझ्याजवळून हलले नाहीत. ज्या कामासाठी एवढ्या लांब आले, ते डोंगराच्या पायथ्याशी वाट पाहत होतं, आणि हा माणूस माझे पाय दाबत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. कादरभाईंनी चालायची रीत ठरवली होती, वीस पावलं चालायची आणि कुठेतरी बसायचं. असं बसत बसतच मी लेह पाहिलं, आणि आता वाटतं की ते तसंच पाहायचं गाव आहे. एका ओट्यावर बसलो तर पाटातून बर्फाचं पाणी वाहत होतं. एका ओट्यावर जर्दाळू विकणारी म्हातारी, लोकरीचं सूत काततच भाव सांगणारी. मशिदीमागच्या गल्लीत भट्ट्यांतून जाड भाकऱ्यांसारखे पाव निघत होते. कादरभाईंनी एक विकत घेतला, अर्धा मला दिला आणि म्हणाले, "अठी माणसं जमिनीवर झोपतात, पाहा. गालिचा पातळ, त्याच्याखाली जाड गादी हाय." कोणाच्या तरी उघड्या दारातून त्यांनी ते बघून घेतलं होतं.

बाजारात तिबेटी बायकांच्या दुकानांशी ते आसन पुढे धरून उभे राहिले. पत्ता म्हणाल तर तेवढाच, "लेह, पॅलेसच्या खाली." चौथ्या दुकानातल्या बाईनं आसनाच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ये बुनाई तो पेमा आंटी के घर की है. कहाँ मिला?" पेमाताईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्याच्या धावपळीत फोन हरवला, त्यातले सगळे नंबरही गेले. आता बहिणीच्या मुलीसोबत राहतात, राजवाड्याखालच्या जुन्या वस्तीत, सफेद स्तूपाच्या शेजारच्या घरात, वरच्या मजल्यावर.

कादरभाईंचा चेहरा उजळला. आम्ही जुन्या वस्तीत शिरलो. उंच मातीच्या भिंती, त्यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, डोक्यावर घरांचे लाकडी सज्जे, मध्येच बोगद्यासारखा काळोख आणि पुन्हा डोळे दिपवणारं ऊन. शेकडो वर्षांची घरं, कच्च्या विटांची. वीस पावलं झाली म्हणून कादरभाई थांबले आणि आधारासाठी त्यांनी भिंतीवर हात टेकला. हात काढला तेव्हा तळव्याला धूळ लागली होती. ते ती बघत राहिले. बोटांत चोळली. मग तिथेच पायरीवर खाली बसले.

"साहेब," ते म्हणाले, "हे धूळ मी पाह्यली हाय."

तळवा त्यांनी माझ्यापुढे केला. पिवळी, पिठासारखी धूळ.

"ते लोकरीचा रंग नव्हता. माती होती ते. चिंधीत बांधून आत ठेवली असन कोनी. मी झाडून फेकली, साहेब."

ते आसन उसवायला मीच सांगितलं होतं, आणि रंगाचं उत्तरही माझंच होतं. मी सुचवलं ते माझ्या स्वभावाप्रमाणेच होतं, "कादरभाई, मातीचं काही बोलू नका. पुरात गेली असं समजतील त्या. आसन परत मिळालं, यातच आनंद आहे."

त्यांनी माझ्याकडे रागानं नाही पाहिलं, त्यापेक्षा वाईट, समजून घेतल्यासारखं पाहिलं. "अर्ध सांगून येतो मी. आन मंग झोपू कसा? लोकायच्या गाद्या भरतो मी, माही कोन भरनार?" त्यांनी एकदा मागे वळून खालच्या बाजाराकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं परत फिरतील. मग आसन काखेत मारलं आणि उठले.

जिना अरुंद आणि उभा होता. दार एका तरुण मुलीनं उघडलं. खिडकीशी, जमिनीवरच्या अंथरुणावर, भिंतीला टेकून पेमाताई बसल्या होत्या. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. त्यांनी दाराकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि तोंडाच्या एका बाजूनं हसत म्हणाल्या, "काहून भैया, इतनी देर?"

कादरभाईंना हुंदका आला. ते उंबऱ्यातच उभे राहिले. आत येऊन बसा, चहा घ्या, काही ऐकेनात. आधी बोलणार, मग बसणार. आसन दोन्ही हातांवर धरून त्यांनी सगळं सांगितलं. पूर, वास, उसवलेली शिवण, धनुष्य, पिवळी धूळ. माझं नाव कुठेच घेतलं नाही. "दीदी, तुमने मना किया था. मैंने हाथ लगाया. मिट्टी मैंने फेंक दी."

पेमाताईंनी आसन घेतलं. चांगल्या हातानं दाबलं. ते मऊ होतं, हात आत गेला. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. ती मुलगी हळूच मला म्हणाली की ती माती आजीच्या गावची होती. आजीनं डोंगर ओलांडताना उराशी बांधून आणलेली. मावशी परगावी दुकान मांडायची तेव्हा त्या मातीवरच बसायची.

मला पळून जावंसं वाटलं. कादरभाई उभेच होते.

शेवटी खिडकीकडे पाहतच पेमाताईंनी विचारलं, "कहाँ फेंकी?"

"नीम के नीचे," कादरभाई म्हणाले. "सब वहीं डालता हूँ. तुमको मालूम है."

"मेरी जगह पे?"

"तुम्हारीच जगा पे."

त्या वळल्या. गाल ओले होते. मुलगी तोवर पिशवीतले स्वेटर बाहेर काढत होती, घड्यांतून सुकलेला पाला जमिनीवर सांडला होता. कडवट वास खोलीभर पसरला. मुलीनं झाडू उचलला तशी पेमाताई त्यांच्या भाषेत काहीतरी जोरात बोलल्या. मुलगी थबकली. पेमाताईंनी वाकून, एका हातानं, जमिनीवरची पानं एकेक करून वेचायला सुरुवात केली. कादरभाई उंबरा ओलांडून आत आले, समोर बसले आणि वेचू लागले. ओंजळभर पानं झाली. पेमाताईंनी ती आसनाखाली सरकवली आणि मुलीच्या आधारानं त्यावर बसल्या.

"नरम कर दिया," त्या म्हणाल्या. "माँ होती तो डाँटती तुमको." मग चहा मागवला. लोणी घातलेला, खारट. कादरभाईंनी तोंड वाकडं न करता तीन पेले घेतले, ही मी त्यांची मोठी मर्दुमकी मानतो.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "भैया, उधर धूप बहुत है. माँ को प्यास जल्दी लगती थी."

परत आल्यावर काही दिवसांतच मी अमरावती सोडली आणि अकोल्याच्या घरी राहायला गेलो. कादरभाईंचा फोन असायचा, पेमाताईंचाही त्यांना असायचा. दर पाडव्यानंतर सुकवलेला पाला पाकिटात भरून ते लेहला पाठवत. ते मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्याच गादीवर, पाठीवर झोपलेले. मी पोचलो तोवर मातीही देऊन झाली होती.

म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीच्या मे महिन्यातलं. भर दुपारी रिक्षातून गल्लीत उतरलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोक्याला ओला पंचा बांधून कादरभाई बादली घेऊन दुकानातून येत होते, वीस पावलं चालत, थांबत, पुन्हा चालत. कडुनिंबाच्या बुंध्याशी त्यांनी आळं केलं होतं, कडेनं विटा लावल्या होत्या. एक बादली ओतली, दुसरी आणायला वळले. मी पुढे होऊन ती हातातून घेऊ लागलो. म्हटलं, "कादरभाई, या उन्हात कशाला? पन्नास वर्षांचं झाड आहे, मुळं खोल गेलीत. त्याला कशाला हवंय तुमचं पाणी?"

त्यांनी बादली सोडली नाही.

"झाडाले कोन देऊन राह्यलं, साहेब?" ते म्हणाले, आणि आळ्यात हळूहळू पाणी ओतू लागले.